दंडाची सुई, खांद्याचा खटला

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "आजी, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं, कागद पुढे ओढला, आणि पहिलं जे आठवलं त्यानंच कान तापले. तेव्हा आधीच सांगून ठेवते. गमती येतील, पण राग धरून येतील. जन्मभर लोकांना टोचून पोट भरलेली बाई आहे मी, हातात पेन दिलंत तरी टोचणारच.

मी आरोग्यसेविका. लोकांच्या तोंडी नर्सबाय. माझं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कॉट, लशींची थंड पेटी आणि बाहेर 'छोटे कुटुंब'वाला फलक. त्या फलकाच्या सावलीत बसून बायका आपल्या पाचव्या पोराला पाजत असत. मुलूख मुरुडच्या अलीकडचा. वर नारळी-सुपारीच्या वाड्या, मधे मुसलमान मोहल्ला, खाली रेतीला चिकटलेला कोळीवाडा.

पहिल्या दिवशीची मी आठवले की मलाच मला एक चापट मारावीशी वाटते. माहेर पेणकडचं, आगरी, बाप मिठागरावर. ट्रेनिंगला गेले तेव्हा माझ्या 'हाय-नाय'ला बाकीच्या मुली हसल्या. मग मी ती बोली राख लावून भांडं घासावं तशी घासून काढली आणि तिच्या जागी शाळेच्या पुस्तकातलं मराठी चढवलं. इस्त्रीची पांढरी साडी नेसून, टाचेच्या चपला घालून मी कोळीवाड्यात उतरले. रेतीत, टाचेच्या! दर चार पावलांनी एक चप्पल मागे राहायची आणि मी तिच्याकडे बघत नसल्याचं सोंग करत पुढे जायची.

मासळी सुकवायच्या खळ्यावर गरोदर बाया बोलावल्या होत्या. धनुर्वाताची सुई द्यायची होती. मी खुर्ची मांडली, घसा साफ केला आणि म्हणाले, "भगिनींनो, कृपया आपापला दंड पुढे करावा."

कुणी हललं नाही. मी पुन्हा म्हटलं, "दंड. दंड द्या."

तेव्हा पुढच्या रांगेतली एक पोटुशी पोरगी शेजारणीला म्हणाली, "दंड मांगते गो ही. आपण काय गुना केला? पोटुशी ऱ्हायलो म्हनून सरकार दंड घेते?"

सगळं खळं हसलं. सुकत घातलेले बोंबीलसुद्धा हसले असतील. ती पोरगी म्हणजे चांगूबाय. पुढचं सगळं तिचंच आहे, म्हणून नाव ध्यानात ठेवा.

हसून झाल्यावर ती उठून माझ्याजवळ आली आणि तिनं आपली चोळी दाखवली. कोपरापर्यंत घट्ट बाही, अंगासरशी शिवलेली. "बाय, ही वर सरकत नाय. एक हात चोलीतून काढायला लागल, आनी काढला तं पाठ उघडी पडल. समोर बापये जाली शिवत बसलेत, दिसतान ना? आदी आडोसा दे, मंग दंड मांग."

दोघींनी एक जुनं लुगडं दोन टोकांना धरलं. त्यामागे एकेक बाई आली, एक हात बाहीतून काढला, सुई घेतली, चोळी नीट केली, बाहेर गेली. एकीनंही कुरकुर केली नाही. संध्याकाळी निघताना चांगूबायनं ते लुगडं घडी करून माझ्या पिशवीत कोंबलं. "ठेव. तुजं सरकार देनार नाय." ते लुगडं माझ्याबरोबर निवृत्तीपर्यंत राहिलं. तपासणीला आलेले साहेब विचारायचे, सिस्टर, हे काय? मी म्हणायची, शासकीय लुगडं.

आता जरा धंद्यातलं सांगते, नाहीतर पुढचा राग कळायचा नाही.

सुई टोचणं सोपं असतं. कुठे टोचायची ते शिकावं लागतं. खांद्याच्या टोकाला हात लावून बघा, एक हाडाची कड लागेल. तिच्या खाली दोन-तीन बोटं सोडली की मांसाचा भरीव भाग येतो. तो दंड. सुई तिथे. त्या कडेला लागून वर टोचली तर ती मांसात न जाता सांध्याजवळच्या मऊ पिशवीत जाऊ शकते. मग औषध चांगलं असून उपयोग नाही. आत सूज धरते आणि माणसाचा खांदा महिनोन्‌महिने आखडतो. म्हणून आमची जुनी मेट्रन ओरडायची, पूर्ण दंड उघडा करा, रोगी बसला असेल तर तुम्हीही बसा, उभ्यानं वरून टोचू नका. आणि बाही वर जात नसेल तर गळ्याकडून कपडा खाली ओढू नका. गळ्याकडून ओढला की खांद्याचा वरचा भाग तेवढा दिसतो, आणि जे दिसतं तिथेच माणूस टोचतं.

करोनाची लस आली तेव्हा मी निवृत्त होऊन घरी मोगरा लावत बसले होते. कोळीवाड्यात कुणी लस घेईना. लसीनं पुरुषपण जातं, वर्षभरात माणूस मरतो, असल्या गोष्टी मोबाईलवरून होडीपेक्षा जोरात फिरत होत्या. खात्याला माझी आठवण झाली. मी गेले. घरोघर फिरले. एक आडदांड तांडेल, भर वादळात होडी हाकणारा, मला बघून माळ्यावर चढून बसला. मी खालून म्हटलं, "उतर रे, तुझ्या आईच्या मांडीवर तुला मीच टोचलंय, तेव्हा कमी रडला होतास." उतरला. शेवटी चांगूबाय उठली. "नर्सबाय सांगते तं चला," म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे रांगेत उभी राहिली. तिच्यामागे कोळीवाडा आला.

शिबीर शाळेच्या एका वर्गात. बाया-बापये एकाच रांगेत. पडदा नाही, बाकांवर चढून बघणारे बघे वेगळे. मी दारात लोकांना आवरत होते. आत सुई देणारी कंत्राटी पोरगी सकाळपासून उभी, चेहरा घामानं डबडबलेला, दुपारचा डबा तसाच बांधलेला. आणि मागून एकजण ओरडतोय, आटपा, आटपा, आज एवढा आकडा झालाच पाहिजे. चांगूबाय बाकावर बसली. बाही वर सरकेना. ती म्हणाली, आडोसा. कुणी ऐकलं नाही. पोरीनं गळ्याकडून चोळी ओढली आणि उभ्यानं वरून सुई दिली.

दोन दिवस दुखतं, सगळ्यांचंच दुखतं. चांगूबायचं दोन महिन्यांनीही दुखत होतं. हात छातीपर्यंत यायचा आणि दार लागल्यासारखा अडायचा. अंबाड्यावर वेणी माळता येईना, चोळीची गाठ सुनेनं बांधायची. आणि पाटी! तिचा धंदा सुक्या मासळीचा. पाटी डोक्यावर घेऊन एसटीनं तळा तालुक्यात जायचं आणि आतल्या गावागावांत पायी फिरून विकायचं. जवळा, बोंबील, सुकी मांदेली. पाटी डोक्यावर चढवायला आणि उतरवायला दोन्ही हात कानाच्या वर न्यावे लागतात. नाहीतर पाटी पदरात येते आणि जवळा रस्त्यावर. आयुष्यभर राणीसारखी मान ताठ ठेवून चालणारी ही बाई आता अंगणात बसून दुसऱ्यांची कोलंबी सोलायला लागली.

केंद्रावर गेलो तर गोळ्या दिल्या. पनवेलला हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात फिरवून बघितला, फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, सुई वर गेलीय, सांध्यात." मी म्हटलं, लिहून द्या. ते म्हणाले, "खांदा आखडला आहे, एवढं लिहितो. बाकीचं मला कशाला?"

चांगूबायचं मागणं मोठं नव्हतं. "मना पाटी चढवायला-उतरवायला सोबत एक बाई ठेवू दे. तिचा पगार तेवढा सरकारनं द्यावा, माजा हात बरा होय तवर. मी भीक मागत नाय. त्यांनी मोडला, त्यांनी भरावा."

तर आम्ही अर्ज केला. जिल्ह्याच्या ठिकाणी असल्या तक्रारींसाठी एक समिती असते. तिथून उत्तर आलं ते मला तोंडपाठ आहे, कारण रागात वाचलेलं विसरत नाही. 'लस दंडात दिली जाते. अर्जदाराची तक्रार खांद्याबाबत आहे. सबब लसीशी संबंध दिसून येत नाही.'

मी ते चांगूबायला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे नेम दंडावर होता, म्हनून खांद्याला लागलाच नाय?"

आता हसा. मी तेव्हा हसले नाही. अहो, तक्रारच ती आहे ना, की दंडाला द्यायची ती खांद्याला दिली! मराठीत दंड म्हणजे हाताचा भाग आणि दंड म्हणजे शिक्षा. आमच्या बाबतीत पहिला दंड चुकला आणि दुसरा चांगूबायनं भरला. खळ्यावर तिनं थट्टेत म्हटलेलं इतक्या वर्षांनी सरकारनं खरं करून दाखवलं.

मी चांगूबायला घेऊन तडक समितीच्या साहेबांना जाऊन भेटले. डॉक्टर माणूस, गोड बोलणारा. चहा मागवला. "आजी, तुम्ही तर आपल्याच खात्यातल्या. आपल्याच खात्यावर बोट?"

"खात्यात होते साहेब, खात्याच्या खिशात नव्हते."

"तुम्हाला वाटतं मला कळत नाही?" त्यांनी आवाज खाली आणला. "सुई वर गेली असणार. पण मी तसं लिहिलं की उद्या मोबाईलवर फिरेल, लसीनं बाई लुळी झाली. मग तुमच्या त्या कोळीवाड्यात पोलिओचा डोस तरी कुणी घेईल का?"

या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. कोळीवाड्यात ते सुरू झालंच होतं. एकानं मला रस्त्यात अडवून विचारलं, बघितलंस ना नर्सबाय तुझ्या लसीचं काम? मी त्यालाही झापलं. लस चांगली होती, मीही घेतलीय, पुन्हा घेईन. ती नीट दिली नाही, हे वेगळं. ही दोन वाक्यं एकाच तोंडानं बोलता येतात, मी रोज बोलते, जीभ झडत नाही. पण माणसाला खोटं सांगून विश्वास राखायचा, ही कुठली रीत? कोळीवाडा आकड्यांवर विश्वास ठेवून आला नव्हता. चांगूबायच्या मागून आला होता. तिलाच खोटी पाडलीत तर पुढच्या खेपेला कोण उठेल?

साहेबांनी मग दुसरा रस्ता काढला. "असं करा, ज्या सिस्टरनं सुई दिली तिच्याविरुद्ध लिहून द्या. कंत्राटी आहे, कमी करतो. तुमचंही समाधान, प्रकरणही मिटेल."

चांगूबाय चहा पीत ऐकत होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला. "त्या पोरीची भाकर काढून माजा हात वर जानार हाय काय? तिला उभी कोनी केली? आडोसा कोनी नाय दिला? त्याचा नाव लिवा की."

ते नाव कुणी लिहीना. आम्ही फेरतपासणीचा अर्ज टाकला. मधे एका वकिलालाही विचारून आले. तो म्हणाला, लस फुकट होती ना, मग ग्राहक म्हणून भांडायला जड जाईल. मी म्हटलं, दादा, फुकट देणाऱ्यानं हात मोडला तर तोही फुकटच का? तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

फेरतपासणीचा दिवस ठरला. पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघी गेलो. खोलीत लांब टेबल, त्यामागे चार पुरुष, मधे तेच गोड बोलणारे साहेब, बाजूला दोन कारकून, दारात शिपाई, आणि दार सताड उघडं.

"कुठला हात?"

"डावा."

एक कारकून बाजूनं म्हणाला, "डावा तर आहे! उजव्यानं करायचं काम."

चांगूबाय त्याच्याकडे वळली. "साहेब, उद्या सकाली एका हातान पँट चढवा. चढली तं मी अर्ज मागं घेते."

शिपायानं तोंड फिरवून हसू लपवलं. मधल्या साहेबांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "बरं, बरं. सुई नेमकी कुठे दिली ते बघायला हवं. दंड दाखवा."

दंड दाखवा! सहा-सात पुरुषांसमोर, उघड्या दारात, घट्ट बाहीची चोळी घातलेल्या माझ्या वयाच्या बाईला! माझ्या डोळ्यांसमोर ते खळं आलं, टाचेच्या चपला घातलेली ती शहाणी आली. तिला निदान पुस्तकातलं सोडून काही येत नव्हतं. यांना काय झालं होतं?

चांगूबाय म्हणाली, "आडोसा कुटं हाय?"

"अहो, आम्ही डॉक्टर आहोत."

"तो दारातला डाक्टर हाय? आनी ते लिवनारे?"

कुणी उठलं नाही. कुणी दारही लोटलं नाही. चांगूबाय तसूभर जागची हलली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. अर्जदाराने तपासणीस नकार दिला."

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी एकच हिशेब करत होते. ज्या आडोशावाचून तिचा खांदा गेला, त्याच आडोशावाचून तिचं म्हणणंही गेलं, आणि कागदावर नकार मात्र तिचा! मी इतकी वर्षं या खात्याची भाकर खाल्ली, पण त्या संध्याकाळी पुढ्यातलं ताट मागे सारलं. नातवंडांनी विचारलं, आजी, बरं नाही का? मी म्हटलं, चांगली आहे, चिडलेय.

सकाळी चांगूबाय दारात. "बाय, माजा लुगडा हाय काय तुज्याकडं?"

होतं. कपाटात, खालच्या खणात, विरलेलं, पण होतं.

मी पुन्हा अर्ज लिहिला. महिला डॉक्टर मागितली, ती मिळाली. तारखेच्या दिवशी मात्र आम्ही दोघीच नव्हतो. कोळीवाड्यातल्या बाया आल्या, डोक्यात अबोली, काखेत एकेक लुगडं. त्या ऑफिसच्या व्हरांड्यात मासळीबाजार भरल्यासारखा आवाज झाला. शिपाई म्हणाला, "मावशी, एवढ्या जणी आत चालणार नाहीत." पुढची म्हणाली, "आमी आत कुटं येतो? आमी भिंत हाव."

आणि खरंच भिंत झाल्या. साहेबांचं टेबल, कारकून, खुर्च्या सगळं एका बाजूला, मधे लुगड्यांची रांग, पलीकडे आम्ही तिघी. निळी, हिरवी, किरमिजी भिंत, आणि एका टोकाला माझं विरलेलं शासकीय लुगडं. चांगूबायनं एक हात चोळीतून काढला. डॉक्टरबाई वयानं लहान, माझ्या सुनेएवढी. तिनं खाली बसून विचारलं, "आई, सुई कुठे टोचली होती, बोट ठेवा."

चांगूबायनं बोट ठेवलं. खांद्याच्या कडेला, हाडाला लागून.

डॉक्टरबाईनं हळूच हात वर उचलून बघितला. जिथे अडला तिथे चांगूबायनं दात आवळले. डॉक्टरबाईनं बोट ठेवलेल्या जागी हाडाची कड चाचपली. मग म्हणाली, "हा दंड नाहीच आहे." पलीकडून साहेबांचा आवाज आला, "काय म्हणालात?" तिनं मोठ्यानं सांगितलं, "सर, हा खांदा आहे. लस खांद्यात दिलीय. मी तसं लिहितेय."

तिनं लिहिलं. 'लस देण्याच्या पद्धतीतील चूक.' लस नव्हे, पद्धत. तेवढंच खरं होतं आणि तेवढंच आम्हाला हवं होतं. तिनं सही केली. भिंत टाळ्या वाजवणार होती, पण हातातली लुगडी सुटली असती म्हणून नुसतीच ओरडली.

मला वाटलं, झालं. बघा, या वयातही मी किती भाबडी! टाचेच्या चपला काढल्या, अक्कल तीच. साहेबांनी तो कागद वाचला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "चूक मान्य. पण आजी, भरपाईची आपल्याकडे तरतूद नाही. मी हे वर पाठवतो."

तेव्हापासून ते वर आहे. मी विचारायला जाते तेव्हा तेच उत्तर मिळतं. जिल्ह्यातून वर गेलंय, तिथून आणखी वर गेलंय, वरून काही आलं की कळवू. मधे कुठे शिबीर लागलं की आम्ही न बोलावता जातो, लुगडं घेऊन, आणि बायकांच्या रांगेपुढे धरून उभ्या राहतो. नवीन सिस्टर आधी बावरतात, मग पटकन खुर्ची ओढून बसतात आणि नीट दंडाला देतात. हे काम आमचं नाही, सरकारचं आहे. करतो, आणि शिव्या देत करतो.

परवा चांगूबायच्या अंगणात बसले होते. तिच्या सुनेनं तिच्या अंबाड्यात वेणी माळली. मी सांगितलं, आज पुन्हा फोन केला होता, अर्ज वर आहे म्हणतात.

चांगूबायनं कोलंबीचं एक डोकं मोडलं आणि टोपलीत टाकलं.

"माजा हात सोडून," ती म्हणाली, "सगला वरच जाते, बाय."